अठरा-दोनशे की पंधरा-पंच्याऐंशी

४ नोव्हेंबर २०११
छोटी लेन्स गेली. कॅमेऱ्याबरोबर आलेली, अठरा-पंचावन्न मिलिमीटरची. झूमचं कडं फिरवलं की आत करकर होते आणि फोकस भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. परवा मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच चालू होता, धुरळा उडत होता आणि मी कॅमेरा घेऊन अगदी रिंगणाच्या काठावर. चूक माझीच.
फेब्रुवारीत सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर. महिला मंडळ. त्याआधी नवी हवी. एकच, घरात चालेल आणि प्रवासातही चालेल अशी. दोन वाहायच्या नाहीत. उजवा खांदा आता ऐकत नाही, आणि स्तूपासमोर पिशवी पसरून लेन्स बदलत बसणारी बाई मला व्हायचं नाही.

६ नोव्हेंबर
अमितचा फोन, पुण्याहून. कॅमेरा त्यानेच दिला, मी निवृत्त झाले तेव्हा, त्यामुळे लेन्सही तोच ठरवणार असा त्याचा सूर.
"आई, डोकं लावू नकोस. अठरा-दोनशे घे. समोरचा माणूस येतो, झाडावरचा पक्षी येतो. एकदा लावली की काढायची नाही."
म्हटलं, सगळं येतं म्हणणारा विद्यार्थी सगळ्यातच थोडा थोडा कच्चा असतो. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून एवढं कळलंय.
"मग पंधरा-पंच्याऐंशी. शार्प आहे. पण लांबचं काही मिळणार नाही. मग रडू नकोस."
रडले कधी होते?

८ नोव्हें.
बाजारात दिलीपभाईंचा स्टुडिओ. त्यांच्याकडे वापरलेली अठरा-दोनशे आहे, लग्नं करणाऱ्या एका मुलाने विकलेली. "मॅडम, ऑलराउंडर है. दूल्हा भी आएगा, दूल्हे की मौसी भी." आठ-दहा दिवस वापरून बघा म्हणाले. पावती नाही, काही नाही. "मेरी बेटी को आपने डाँट डाँट के पास कराया है. लेन्स लेके कहाँ भागोगी?"
जड आहे. गळ्यात अडकवून चाललं की नळी आपोआप खाली घसरून लांब होते. हिचं नाव लांबडी.

१२ नोव्हें.
गच्चीवरून लांबडी. गोंदियाच्या कडेला, मुर्रीच्या या बाजूला अजून शेतं उरली आहेत. दोन बांधांपलीकडे बाया धान कापत होत्या. एकीने कंबर सरळ केली, दुसरीने काही म्हटलं, तिसरी विळा हातात घेऊन हसत सुटली. मिळालं सगळं.
फोटो बघताना लक्षात आलं की यात कोणी पदर सारखा केलेला नाही. एरवी मी कॅमेरा काढला की माणसं तोंडी परीक्षेला बसल्यासारखी होतात. अमित म्हणतो, तुझा चेहराच तसा आहे. असेल. दोनशेवर माझा चेहरा त्यांना दिसत नाही, हा मोठाच फायदा.
दोष: घरात, खिडकी असूनही, लांबवली की उजेड पुरत नाही. फोटोत दाणे येतात.

१५ नोव्हें.
रोजच्या वापरात मी काढते काय, तर म्हाताऱ्या माणसांचे चेहरे. दोन वर्षांपूर्वी शेजारचे आजोबा वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला गेले होते. भिंतीवर मतदार ओळखपत्रातला फोटो मोठा करून लावलेला. एक कान नाही, गालावर शिक्का. एवढं आयुष्य काढलेला माणूस आणि शेवटी हे. तेव्हापासून घरोघर जाते. उजेडाला बसवते, एक नीट फोटो काढते, छापून देते.
आता भानगड अशी की त्यातले चौघे गेले. ऐंशीच्या पुढची माणसं, जायचीच. पण गल्लीत बोलणं पसरलंय की मॅडम फोटो काढून गेली की माणूस उरत नाही. आज कोपऱ्यावरच्या म्हातारीने दारातच अडवलं. "आमच्या बुढ्याचा फोटो नोका काढू जी मॅडम. अजून धान घरी याचं हाये."
धान आल्यावर चालेल का, विचारलं. विचार करते म्हणाली.

१९ नोव्हें.
सकाळच्या पॅसेंजरने ताईकडे. सालेकश्याला उतरून पुढे ऑटो.
ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. माय लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. दिवसभर विड्या वळायची आणि मी शेजारी बसून पाढे म्हणायचे. मी नागपूरला कॉलेजात गेले ते तिच्या जोरावर. आणि तिचा एक फोटो नाही. रेशनकार्डावरचासुद्धा धड नाही, त्यात ती खाली बघते आहे. गेली दोन वर्षं मागे लागले आहे.
आज पुन्हा. "नाई म्हनलं ना."
"का पण?"
"काऊन काढू? मी का मंत्री हाओ?"
सून सुरेखा आतून म्हणाली, मावशी, इकडेही ती गोष्ट पोचली आहे, मुर्रीची. झालं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, ताई, छप्पन साली बाबांनी घरातले देव काढले तेव्हा तू मोठी होतीस, मी जेमतेम पाच वर्षांची. बावीस प्रतिज्ञा तू माझ्याकडून पाठ करून घेतल्यास. आणि आता फोटोने माणूस मरतो म्हणतेस?
ती उठली. सूप घेऊन बाहेर निघून गेली.
मी ओसरीवर बसून राहिले. अंगणापलीकडे शेजारणीच्या दारात ताई तांदूळ पाखडत होती. शेजारीण काहीतरी सांगत होती, बहुतेक माझंच. ताई मान मागे टाकून हसली. मी लांबडी पूर्ण लांब केली आणि तीन फोटो काढले. विचारलं नाही. विचारून झालं होतं.

२० नोव्हें.
तिसरा फोटो. इतका चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही. सूप वर उचललेलं, मागे भिंतीचा पुसट निळा रंग, आणि ताई हसते आहे. चेहरा कसा मऊ, उजळ. सत्तरीच्या पुढची वाटतच नाही.
अमितला पाठवला. "आई!!! हाच लाव. आणि लेन्स घेऊन टाक आता."

२३ नोव्हें.
दिलीपभाईंकडून मोठा प्रिंट. "इसमें तो कुछ करना ही नहीं पड़ा मॅडम. चेहरा एकदम साफ." लांबडी घेते म्हणून सांगितलं. प्रवासाला हीच. वादच संपला.

११ डिसेंबर
ताई कालपासून इथे. डोळे दाखवायला आली. मोतीबिंदू आहे पण अजून थांबा म्हणाले, तोवर चष्मा. संध्याकाळी मिळाला. तो लावून तिने पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली जळमटं दाखवली.
जेवण झाल्यावर प्रिंट पुढे ठेवला. चोरून काढला हे सांगितलं. ओरडा खायची तयारी होती.
तिने चष्मा सारखा केला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आली का हे पोट्टी परत."
कोण पोट्टी?
मग सांगितलं. कढई घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. जसं आठवतं तसं लिहिते.
तिचं लग्न जमवायचं होतं. आमगावकडचं स्थळ. त्यांनी फोटो मागितला. बाबा तिला गोंदियाला स्टुडिओत घेऊन आले. ताईला लहानपणी देवी आलेल्या, दोन्ही गालांवर वण आहेत. मला ते कधी वेगळे दिसलेच नाहीत, ताईचा चेहरा म्हणजे तो. फोटोवाल्याने फोटो काढला आणि मग बारीक पेन्सिल घेऊन निगेटिव्हच्या काचेवर काहीतरी करत बसला. ताई बघत होती. आठवड्याने फोटो आला तर वण नाहीत. बाबा खूश. फोटोवाल्याचे दोनदा आभार मानले.
"थो फोटो त्याईले लय आवडला. पाह्याले आले. मी चहा घेऊन गेली. त्या पोट्ट्याची आत्या मले म्हनते, तू ठेव वं चहा, अन् पोरीले पाठव."
मी पाठीकडे बघत बसले.
"म्हनलं, मीच थे पोरगी. मंग त्याईनं चहा घेतला अर्धा, अन् गेले."
दोन वर्षांनी भाऊजींचं स्थळ आलं. तेव्हा ताई म्हणाली फोटो नाही, येऊन पाहा. ते आले, पाहिलं, हो म्हणाले. चांगला माणूस होता. पण फोटो तिने पुन्हा काढू दिला नाही.
"अन् तू मले सांगून राहिली बावीस प्रतिज्ञा," कढई पालथी घालत म्हणाली. "मरनाले कोन भिते? येते तं येते."

१२ डिसें.
ताई गेली. प्रिंट इथेच.
ते पाहुणे आलेले मला आठवतात. म्हणजे त्यांचे उरलेले पोहे आठवतात. मी दोन बशा खाल्ल्या होत्या, कोणी अडवलं नाही याचं नवल वाटलेलं.

१४ डिसें.
फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. गाल गुळगुळीत. तांदळाचे दाणेही एकमेकांत मिसळलेले.
मग वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवलं. स्टँड लावला. लांबडी अठरावर, पन्नासवर, शंभरवर, दोनशेवर. शंभरपर्यंत अक्षरं ठीक. दोनशेवर बारीक मजकूर वाचता येत नाही. लेन्सचं आतलं छिद्र लहान केलं तर थोडं सुधारतं, पण मग उजेड हवा भरपूर, तो ताईच्या अंगणात संध्याकाळी नव्हता.
म्हणजे लेन्सने लबाडी केलेली नाही. तिला तेवढंच दिसतं. त्या फोटोवाल्याला मात्र दिसत होतं, तरी त्याने पुसलं. आणि मी? मला तर ते वण नाहीत हे तीन आठवडे कळलंही नाही. उजळ दिसते म्हणून आनंदले. इथे नीट लिहिता येत नाही. पुढे कधी.

१७ डिसें.
लांबडी परत केली. दिलीपभाईंना पटेना. "मॅडम, लोग तो कंप्लेंट करते हैं कि दाग दिख रहे हैं. आप पहली हो जो कह रही हो कि नहीं दिख रहे."
अमितला फोन. पंधरा-पंच्याऐंशी बघ म्हटलं. त्याने पुन्हा सगळी उजळणी केली. कुशीनगरला बाग आहे, पक्षी असतील. सारनाथला कळसाची नक्षी लांबून घ्यावी लागेल. गर्दीत पुढे जाता येणार नाही. सगळं खरं आहे. प्रवासासाठी अठरा-दोनशेच सोयीची, हे मलाही मान्य. त्याचं कारण मात्र मला आता खुपतं. तिने सोय होते ती कोणाला न विचारण्याची. धान कापणाऱ्या बाया मला आवडल्या, पण त्यांच्या हसण्यात मी नव्हते, आणि त्यांना विचारलं असतं तर त्या हसल्या नसत्या. मग काय करावं? याचं उत्तर लेन्सच्या पुस्तिकेत नाही.
"आई, तू फार विचार करतेस. ती लेन्स आहे."
हो. पण मी एकच घेणार आहे.

७ जानेवारी २०१२
आली. अमितच्या मित्राचा भाऊ नागपूरला येत होता, त्याच्या हाती पाठवली. आखूड, जाड, हातात गच्च बसते. बुटकी.
वर्तमानपत्राची परीक्षा: पास. चारही कोपरे वाचता येतात. घरातल्या उजेडातही हात हलला तरी सांभाळून घेते. पंधरावर अख्खं स्वयंपाकघर मावतं, ताईने दाखवलेल्या कोपऱ्यासकट.
चेहऱ्याची परीक्षा आरशासमोर, स्वतःवर. हनुवटीवरचे केस मोजता येतील. लेन्स चांगली आहे.
पंच्याऐंशीवर चेहरा भरून हवा तर समोरच्याच्या पुढ्यात बसावं लागतं. त्याचा श्वास ऐकू येतो.

९ जाने.
ताईला फोन. सुरेखाने दिला. सरळ विचारलं. म्हटलं, नवी लेन्स आहे, वण दिसतील, सगळं दिसेल. काढू का? नाही म्हणालीस तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही.
मागे कोंबड्यांचा आवाज.
"संक्रांतीनंतर येजो. पन पहिले मले दाखवाचा. मले नाई पटला तं माह्यासमोर मिटवाचा."
कबूल.
"मास्तरीनचा सबद हाये?"
हो म्हटलं.

१९ जाने.
ताईकडे. दार उत्तरेकडे आहे, उजेड चांगला, सावली नाही. तिने नवं लुगडं नेसलं नव्हतं, रोजचंच. चष्मा लावू की काढू? तुझ्या मनाने, म्हटलं. लावला. मग काढला. मग लावला.
मी समोर पाटावर. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. बुटकी पंच्याऐंशीवर.
"कुसुम, तू बी म्हातारी झाली वं," ती एकदम म्हणाली.
तेव्हा काढला तो फोटो. आणखी चार काढले, पण तोच.
कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवला. मोठा कर म्हणाली. केला. अजून. गाल भरून आला पडद्यावर, एकेक वण दिसत होता. तिने बोट पडद्यावर फिरवलं, मग तेच बोट स्वतःच्या गालावर, मग पुन्हा पडद्यावर. असं दोन-तीनदा.
"बराबर हाये."
"ठेवू?"
ती अजून पडद्याकडेच बघत होती. माझा अंगठा पुसायच्या बटणाजवळ होता. शब्द दिला होता.
"मिटवू?"
"थांब ना वं. काऊन घाई करून राहिली? मी इतक्या सालात हे पाह्यलंच नाई. आरसा म्हनजे का, येनी घालाले. मले याची सवय होऊ दे."
छोटा प्रिंट पाठव म्हणाली. भिंतीवर नाही. कोणाला दाखवायचा नाही. ती ठरवेल मग.
परतीच्या गाडीत कॅमेरा पिशवीत होता तरी हात वरून धरून ठेवला होता.

२३ जाने.
दिलीपभाईंकडे छोटा प्रिंट. काउंटरवर त्यांच्या मुलाला आधीच बजावलं, चेहऱ्याला हात लावायचा नाही. "थोडा ब्राइट तो कर दूँ मॅडम?" नाही. "थोडा सा?" मी नुसतं पाहिलं. त्याने जसा होता तसा काढून दिला.
प्रिंट पाकिटात घालून ताईच्या गावच्या शिक्षकाबरोबर पाठवला. तो रोज गोंदियातून जा-ये करतो.

२९ जाने.
काही कळलं नाही. मी फोन केला नाही. हे मला जमत नाही, विचारल्याशिवाय राहणं. वर्गात उत्तर येईना की मी दुसऱ्याला उभं करायचे.
तेवढ्यात कोपऱ्यावरची म्हातारी स्वतःहून आली. "धान आलं घरी. आता बुढ्याचा काढा." गेले. बुढा पावडर लावून बसलेला, गाल पांढरे. मी काढला. मग म्हटलं, एक तोंड धुऊन काढू या का? म्हातारी म्हणाली त्यालाच विचारा. विचारलं. तो म्हणाला, पावडरचाच ठेवा जी, लगनात लावली होती तशी हाये.
ठेवला. त्याचा चेहरा, त्याचं म्हणणं.

३ फेब्रु.
उद्या निघायचं. सामान: औषधं, शाल, दोन बॅटऱ्या, बुटकी. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, यात लांबचं येईल ना? नाही म्हटलं. जवळ जाऊ. जिथे जाऊ देणार नाहीत तिथलं राहील. त्यांचा चेहरा पडला, त्यांना कळसाचा फोटो हवा आहे मासिकाच्या मुखपृष्ठाला. अमितचं म्हणणं खरं ठरणार असं दिसतंय.
रात्रीच्या जेवणाआधी सुरेखाचा फोन आला, प्रवासाच्या शुभेच्छा द्यायला. मी तब्येतीचं विचारलं, कोंबड्यांचं विचारलं.
मग तीच हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आई रोज ट्रंकीतून थे पाकीट काढतेत. मी झाडत राहतो ना आंगन, तवा. पाहतेत अन् परत ठेवून देतेत. मी विचारू का, फ्रेम कराची का म्हनून?"
नको म्हटलं. तू पाहतेस हेही तिला कळू देऊ नकोस.
"पन मावशी, काल पाकीट ट्रंकीत नवतं ठेवलं. उशीखाली होतं."
ठीक आहे, म्हटलं. फोन ठेवला.
आता पिशवी पुन्हा एकदा भरून झाली. विचारायचं नाही. परत आल्यावरही नाही.